अकरा शेरे

१२ जानेवारी, सोमवार

आज प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. याआधी असं एकदाच झालं होतं, तेव्हा माझी बढती हुकली होती. त्यामुळे मी बसले ती खुर्चीच्या कडेवर.

"मॅडम, मूल्यांकन समिती फेब्रुवारीत येतेय. अहवालाच्या समन्वयक तुम्ही."

"मीच का?"

"तुमची भाषा चांगली आहे."

आमचं कॉलेज शिक्षक तयार करतं. मागच्या खेपेला समितीने आम्हाला काठावर पास केलं आणि लिहून ठेवलं, 'सातत्यपूर्ण सुधारणेचा पुरावा आढळत नाही.' या खेपेलाही आढळला नाही तर मान्यता जाईल, इमारतीला कुलूप लागेल, आणि शिकवायचं कसं हे शिकवणारे आम्ही चौदा जण, दुसरं काहीच येत नसल्यामुळे, घरी बसू. म्हणून माझी चांगली भाषा.

जेवताना घरी सांगितलं. नवऱ्याने तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. आता निवृत्त झालाय, पण सवय गेलेली नाही. म्हणाला, "म्हणजे सुधारणा नाही, की पुरावा नाही?"

"असले फरक करायला वेळ असलेली माणसं वेगळी," मी म्हटलं.

आमची धाकटी मुलगी ताट घेऊन उठली. तीही आमच्याच कॉलेजची. दोन वर्षांपूर्वी पास झाली, एका शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. आम्ही मायलेकी दोघीही शिकवण्याच्या धंद्यात, त्यामुळे एकमेकींशी बोलण्यासारखं काही नसतं.

ही वही आजच घेतली. अहवालात मावणार नाही ते इथे.

१५ जानेवारी, गुरुवार

सल्लागार आला. वय तिशीच्या आत. दर तिसऱ्या वाक्याला विचारतो, "पुरावा कुठंय, मॅडम?" दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये त्याचं नाव पुरावा पडलं होतं.

त्याने फळ्यावर एक गोल काढला. उणीव शोधा, उपाय करा, फरक मोजा, पुन्हा उणीव शोधा. गोष्ट खोटी नाही. आपण तयार केलेले शिक्षक वर्गात जाऊन काय करतात ते बघावं, कुठे कमी पडतात ते बघावं, आणि मग आपलं शिकवणं बदलावं. मी स्वतः वीस वर्षं हा प्रश्न परीक्षेत घालतेय, दहा गुणांना.

"तर मला पाच वर्षांच्या उणिवा हव्यात," पुरावा म्हणाला.

"आमच्यात उणिवा नाहीत," प्राचार्य म्हणाले.

"मग सर, सुधारणा कशात दाखवणार?"

प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लगेच बैठक बोलावली. पाऊण तासात एकोणतीस उणिवा निघाल्या, प्रत्येकाने दुसऱ्याच्या काढल्या.

त्यानंतर गेल्या पाच वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं लिहायला बसले. बैठका झाल्याच नव्हत्या, ही अडचण किरकोळ. वेगवेगळी पेनं वापरली, एका पानावर मुद्दाम चहाचा कप टेकवला. तीन वर्षांपूर्वीच्या बैठकीत मानसशास्त्रवाल्या सरांशी माझा कडाक्याचा वाद झालाय आणि मी जिंकलेय. खऱ्या बैठकीत ते मला वाक्य पुरं करू देत नाहीत.

१९ जानेवारी, सोमवार

आज निरीक्षणवह्या बाहेर काढल्या. त्यांच्याबद्दल एकदा नीट लिहून टाकते.

आमचे विद्यार्थी खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना तीस सराव पाठ देतात. प्रत्येक पाठाला आमच्यापैकी एकाने मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसायचं, वहीत शेरा लिहायचा, गुण द्यायचे. शिक्षक तयार होतो तो इथेच, बाकी सगळी भाषणं. प्रत्यक्षात एका तासाला सहा वर्गांत सहा पाठ चालू असतात आणि निरीक्षक एकच असतो. मग तो शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा घेतो आणि सहा वह्या त्याच्याकडे चालत येतात.

नवख्यांची तारांबळ उडायची, म्हणून मी फार पूर्वी एक यादी करून दिली. अकरा शेरे. 'फलकलेखन सुवाच्य.' 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचावा.' 'उदाहरणे परिसरातील घ्यावीत.' असे. क्रमही ठरलेला. पाचव्या पाठाला 'वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे' आणि दहापैकी चार. पंधराव्याला 'वर्गनियंत्रणात प्रगती', सहा. पंचविसाव्याला 'वर्गनियंत्रण उत्तम', नऊ. नवीन माणूस रुजू झाला की त्याला लॉकरची किल्ली आणि ही यादी एकदमच मिळते.

पुराव्याने पाच वर्षांचे सगळे आकडे संगणकात भरले आणि पडद्यावर एक रेघ उगवली. खाली डावीकडून वर उजवीकडे, कुठेही न अडखळता.

"मॅडम!" तो उभाच राहिला. "हे सोनं आहे. प्रत्येक तुकडी, प्रत्येक विद्यार्थी, तीच चढण. इतकी सातत्यपूर्ण सुधारणा मी आजवर कुठे पाहिली नाही."

खोटं कशाला बोलू, या वहीत तरी. मला बरं वाटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

धाकटीचा घसा बसलाय. महिनाभर बसतोय आणि उठतोय. मी मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि आवाज पोटातून काढायचं तंत्र सांगितलं, ते माझ्या नोट्समध्ये आहे.

"बावन्न आहेत, आई," ती कुजबुजली.

"माझ्या पहिल्या वर्गात साठ होती."

"मग तू काय करायचीस?"

मी जरा आठवून पाहिलं. मी दोनच वर्षं शाळेत होते, मग कॉलेजात आले. "उभं राहायचं, शांतपणे बघायचं. मुलं आपोआप गप्प होतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. या मुलीला उत्तर दिलं तरी ती प्रश्न विचारल्यासारखीच बघते.

नवरा म्हणाला, ती आल्यावर बाथरूममध्ये जाते आणि अर्धा तास नळ सोडून बसते. मी म्हटलं, पाण्याचं तिला कधीच भान नव्हतं.

३० जानेवारी, शुक्रवार

माजी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे फॉर्म. दीडशे पाठवले, अकरा परत आले, त्यातला एक कोरा. पुरावा म्हणतो किमान शंभर लागतील. तेव्हा आम्ही चौघी शिक्षिका तीन दिवस माजी विद्यार्थी झालो. सगळ्यांनी सगळ्याला 'उत्तम' म्हटलं तर संशय येतो, म्हणून अधूनमधून 'चांगले' टाकायचं, आणि दहांतल्या एकाने ग्रंथालयाच्या वेळेबद्दल कुरकूर करायची.

धाकटीचा फॉर्म घरी आणला होता. संध्याकाळी सहालाच ती अंगावरच्या कपड्यांनिशी झोपून गेलेली. उठवलं नाही, मीच भरला. 'प्रत्यक्ष वर्गात उभे राहताना प्रशिक्षणाचा उपयोग झाला का?' पूर्णपणे. सही मला तिची येते, तिच्या प्रगतिपुस्तकांमुळे तिला माझी यायची.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याचं आज काय बिनसलं होतं कोण जाणे. म्हणतो, "तिला नोकरी सोडू दे."

"का? पगार मिळतो, कायम व्हायची वेळ आलीय."

"ती जेवत नाही गं."

"वजन कमी करत असेल."

"तू तिला वर्गात शिकवताना पाहिलंयस कधी?"

"नात्यातल्या माणसाने निरीक्षण करू नये असा नियम आहे," मी म्हटलं. नियम खरंच आहे, आणि आम्ही तो पाळलाही. धाकटीच्या तुकडीला तिच्या वह्या मानसशास्त्रवाल्या सरांकडे होत्या आणि त्यांच्या पुतण्याच्या माझ्याकडे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी धाकटीच्या मुख्याध्यापिकेचा फोन. धाकटीने वर्गातल्या एका मुलीला मारलं. आठ वर्षांची मुलगी. कानातून रक्त आलं, दवाखान्यात नेलंय.

माझ्या मुलीने. चूक झाली असेल, दुसरी कोणी असेल, असं मी तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा त्या बाईने नाव सांगितलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

डाव्या कानाचा पडदा फाटलाय. आतही काही दुखावलंय. परत नीट ऐकू येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. धाकटीला निलंबित केलंय.

सकाळभर ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. मग आपणहून बोलायला लागली, बसक्या आवाजात.

"ती दंगा करत नव्हती, आई. बाकीचे करत होते. मी फळ्याकडे वळले की बाकं वाजवतात. दोघं मारामारी करत होते, एक जण खिडकीत चढला होता. मी ओरडत होते आणि माझा आवाज येत नव्हता. तोंड उघडं आणि आवाज नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी माझी बाही ओढली. मी वळले आणि हात…"

"मग?"

"ती वही दाखवायला आली होती. बरोबर सोडवलं होतं तिने गणित."

नवऱ्याने तिला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, "निदान मुख्याध्यापिकेला आधीच सांगायचंस, वर्ग आवरत नाही म्हणून."

"तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

कधी सांगितलं? मी मागची पानं उलटून पाहिली. बावन्न आहेत, इतकंच म्हणाली होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र कॉलेजला आलं. धाकटीच्या प्रशिक्षणाच्या नोंदी मागितल्यात, विशेषतः वर्गनियंत्रणाच्या. प्राचार्य आधी पांढरेफटक पडले. समिती दहा दिवसांवर आणि हे. मग त्यांनी तिची वही उघडली आणि रंग परत आला.

"मॅडम, वा! पंचविसाव्या पाठाला नऊ. आपल्यावर काहीच येत नाही."

मलाही हायसं वाटलं. कागद चांगला असला की अर्धी लढाई जिंकलीच. एरवी हुशार, मेहनती, प्रगती करणारी मुलगी, एका क्षणी तोल गेला, असं दिसेल. मी स्वतः प्रती काढल्या, प्रत्येक पानावर 'मूळ नोंदीशी ताडून पाहिले, खरे आहे' लिहिलं, समन्वयक म्हणून सही केली. आईच्या हातून लेकीसाठी झालं ते चांगलंच झालं.

नवऱ्याने घरी त्या प्रती चष्मा लावून वाचल्या. सवयीने बोट ओळीखाली धरून.

"एकही खाडाखोड नाही," तो म्हणाला.

"मग?"

"तीस दिवसांच्या नोंदी आहेत ना या? कुठे शाई बदललेली नाही, अक्षर घाईचं नाही. हे एका बैठकीत लिहिलेलं आहे."

"तुला कोणी तपासायला दिलंय का?"

"आणि एक. हिला इतकं छान येत होतं, तर मग मारलं का, असं नाही विचारणार ते?"

मी त्याच्या हातातून कागद काढून घेतले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली सुनावणी. मला आत जाऊ दिलं नाही. बाहेरच्या बाकावर दोन तास. चौकशी अधिकारी बाई आहेत, निवृत्त, पांढरे केस आखूड कापलेले. दार उघडं राहिलं तेव्हा त्यांचं हे एवढं नीट ऐकू आलं.

"ज्यांना वर्ग सांभाळायला शिकवलंच गेलं नाही, त्यांच्या हातून असं घडलं तर आम्ही सहा महिने परत प्रशिक्षणाला पाठवतो. त्यात संस्थेचा दोष धरतो. पण तुमच्या नोंदी सांगतात की तुम्हाला हे उत्तम येत होतं. येत असूनही मारलंत, तर ते जाणूनबुजून झालं. त्याला परवाना रद्द, कायमचा. तुम्हाला या नोंदींबद्दल काही सांगायचंय?"

मग धाकटीचा बसका आवाज आला.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली. कोणाला काही निवेदन द्यायचं असेल तर तोवर केव्हाही ऑफिसात द्या, म्हणाल्या.

घरी येताना मी विचारलं, "सांगितलं का नाहीस, कोणी येऊन बसायचं नाही म्हणून?"

"प्रतींवर तुझी सही होती."

२१ फेब्रुवारी, शनिवार

मानसशास्त्रवाल्या सरांना गाठलं. म्हटलं, "सर, तुम्ही माझ्या मुलीचे किती पाठ बघितले होते?"

ते हसले. "मॅडम, तुमची मुलगी. तिला का उगाच बसून छळायचं? डोळे मिटून चांगलं लिहिलं. तुम्ही माझ्या पुतण्याला नाही का लिहिलंत?"

"हे चौकशीत सांगाल?"

हसू गेलं. "मंगळवारी समिती येतेय. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

चौदा जणांच्या नोकऱ्या. दोनशे विद्यार्थी अधांतरी. मंगळवार, बुधवार, गुरुवार समिती. शुक्रवारी सुनावणी. तारखा एकमेकींवर येत नाहीत ही देवाचीच कृपा म्हणायची. समिती गेली की शुक्रवारी मी स्वतः जाऊन सगळं सांगेन. मुदत शुक्रवारचीच आहे. यात कोणाचंच नुकसान नाही.

नवऱ्याला हे सांगितलं. तो चष्मा पुसत बसला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

समिती आली. तिघं जण. कुंड्या रंगवल्या, ग्रंथालयात विद्यार्थी पेरले, प्रयोगशाळेचं कुलूप तोडावं लागलं कारण किल्ली कोणी पाहिलेली नव्हती.

२५ फेब्रुवारी, बुधवार

माझं सादरीकरण. तो आलेख पडद्यावर आला. मी चाळीस मिनिटं बोलले. उणीव कशी सापडली, उपाय काय केला, तुकडीमागून तुकडी कशी सुधारली. मला स्वतःलाच पटत गेलं. प्राचार्यांचे डोळे भरून आले होते.

समितीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळा वेळ काही टिपून न घेणाऱ्या. त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही स्वतः मागच्या बाकावर बसून पूर्ण पाठ शेवटचा कधी पाहिलात?"

आवाजात खोच नव्हती. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. त्या वेळी सांगता आलं असतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं, आठवत नाही, इतकं साधं.

"मागच्याच आठवड्यात," मी म्हटलं. "फार सुरेख पाठ झाला."

"कशावर होता?"

"अपूर्णांकांवर."

त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी सांगितलं. सगळं. सहा वर्ग, एक निरीक्षक, स्टाफरूममधला चहा, अकरा शेरे, ठरलेले गुण. यादीसुद्धा घेऊन गेले होते, ती त्यांच्यापुढे ठेवली. चौकशी अधिकारी बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "ही यादी तर शेरे कसे लिहावेत याच्या मार्गदर्शनाची दिसते. प्रत्येक चांगल्या संस्थेत असते. या वह्या ज्यांनी लिहिल्या त्या तुमच्या सहकाऱ्यांना मी सकाळी फोन केला होता. ते म्हणतात, ते तीसही पाठांना बसले होते."

"ते खोटं बोलताहेत."

"आणि या प्रतींवर 'खरे आहे' म्हणून सही कोणाची?"

"माझी. पण तेव्हा…"

"बाई, परवा याच नोंदी तुम्ही मूल्यांकन समितीपुढे मांडल्यात. कालच त्यांचा प्राथमिक शेरा माझ्याकडे आलाय, 'निरीक्षणपद्धती अनुकरणीय.' दोन दिवसांपूर्वी खऱ्या असलेल्या नोंदी आज खोट्या कशा झाल्या?" त्यांनी कागद सारखे केले. आवाज मवाळ केला, तो जास्त लागला. "मलाही मुलगी आहे. आई असती तर मीही हेच म्हटलं असतं. पण मला कागदावर जावं लागतं."

मी म्हटलं, त्या मुलीचा कान गेलाय, यात आमचाही हात आहे, एवढं तरी लिहून घ्या. त्या म्हणाल्या, भावना समजतात.

बाहेर धाकटी बाकावर होती. दार अर्धवट उघडं होतं, म्हणजे तिने ऐकलं होतं.

"शनिवारी सांगितलं असतंस तर?" ती म्हणाली. "समिती यायच्या आधी. तेव्हा मानलं असतं ना त्यांनी?"

"मुदत आजची होती."

"हो," ती म्हणाली. "मी मोजले, आई. सहा दिवस."

६ मार्च, शुक्रवार

परवाना रद्द. कायमचा. चार ओळींचं पत्र. धाकटीने वाचलं, घडी घातली, बाबाच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावला नाही.

तिच्या खोलीत तक्त्यांची गुंडाळी होती, पुठ्ठ्याची घड्याळं, मण्यांच्या पाट्या, सगळं स्वतः केलेलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं. चांगलं होतं. तिला शिकवायचं होतं खरं, हे माझ्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यामुळे या धंद्यात आली.

९ मार्च, सोमवार

समितीला पत्र लिहिलं. सही माझी, नाव माझं. जे शुक्रवारी सांगितलं तेच, फक्त पुढे अभिप्रायाचे फॉर्म आणि इतिवृत्तंही घातली. प्रत प्राचार्यांना दिली. ते पत्र वाचून म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार दमलात. घरचं टेन्शन. आठवडाभर रजा घ्या."

"सर, मी खरं लिहिलंय."

"अहो, खरं कोण नाही म्हणतंय?"

मानसशास्त्रवाले सर आता स्टाफरूममध्ये मी आले की वर्तमानपत्र उघडतात.

१८ मार्च, बुधवार

निकाल लागला. सर्वोच्च श्रेणी. प्राचार्यांनी शिपायापासून सगळ्यांना मिठी मारली. पुरावा फोनवर ओरडत होता.

माझ्या पत्राचंही उत्तर आलं. त्याच पाकिटात. 'आपले पत्र समितीने गांभीर्याने वाचले. स्वतःच्या त्रुटी इतक्या मोकळेपणाने मांडणारे प्राध्यापक असणे हे संस्थेतील आत्मपरीक्षणाच्या संस्कृतीचे लक्षण आहे. सदर पत्र सातत्यपूर्ण सुधारणेचा पुरावा म्हणून अहवालास जोडण्यात आले आहे.'

ते पत्र मी दोनदा वाचलं. मग हसायला लागले, आणि ते थांबेना. शेवटी शिपायाने पाणी आणून दिलं.

प्राचार्यांनी संध्याकाळी बोलावून गुणवत्ता विभागाची प्रमुख व्हाल का, विचारलं. इतर कॉलेजांना आमची पद्धत समजावून सांगायचीय. मी उठून आले.

२२ मार्च, रविवार

सुनावणीनंतर धाकटी माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. मीठ दे, दार लाव. आज सकाळी म्हणाली, "मी तिच्या घरी जातेय. येतेस?"

"त्या मुलीच्या?"

"हो."

जाऊ नकोस, ते लोक काय बोलतील, मारतीलसुद्धा, असं सगळं माझ्या मनात आलं. मी चप्पल घातली.

तिसरा मजला. दार उघडंच होतं. मी जिन्यात, खालच्या पायरीवर थांबले. आतून मुलीच्या आजीचा आवाज आला, "कोण?"

"तिसरीच्या बाई," धाकटी म्हणाली. तिचं ते पद आता गेलंय, पण तिने तेच सांगितलं.

मला वाटलं, दार आपटेल. मग आजी म्हणाली, "या. डाव्या अंगाला नका बसू, तिकडून तिला ऐकू येत नाही."

पुढचं मला ऐकू आलं नाही. कुणाच्या तरी घरात भांडी घासत होते. पंधरा-वीस मिनिटं असतील. मी तिथे उभी राहून शेजारच्या दाराच्या नावाची पाटी वाचत होते, पुन्हा पुन्हा.

धाकटी बाहेर आली. रडली नव्हती. आम्ही एक मजला उतरलो, तेव्हा ती थांबली.

"काय म्हणालीस तिला?" मी विचारलं.

"सुरुवातीला काहीच नाही. आवाजच निघेना. आजी म्हणाल्या, मोठ्याने बोला. पण मोठ्याने बोललं की ती दचकते, मला माहितीय. वर्गातही दचकायची."

"मग?"

"मग तिनेच मान वळवली. चांगला कान माझ्याकडे केला आणि तशीच बसून राहिली. मी बोलेपर्यंत. घाई नाही, चुळबुळ नाही." तिने कठडा धरला होता. "बावन्न मुलांपुढे दोन वर्षं उभी होते, आई. असं कोणी बसलं नव्हतं माझ्यासमोर."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, मी ते गिळलं. ती आणखी काही सांगणार होती. आम्ही तिथेच पायरीवर बसलो. वरून खाली जाणारी माणसं आम्हाला ओलांडून गेली. ती सांगत राहिली, पहिल्या दिवसापासूनचं, आणि तिचं सांगून होईपर्यंत मी मध्ये बोलले नाही.